तिसऱ्या गोलाची टोपी

खेळ चालू असताना मिरोन हावरिलुकच्या पायऱ्यांवरून प्रत्यक्ष बिशप आला तरी खाली जाऊ शकत नाही. विनिपेगच्या भर वस्तीतलं बर्फावरच्या हॉकीचं स्टेडियम, त्याचा सगळ्यात वरचा मजला आणि त्या मजल्यावरच्या एका पायऱ्यांच्या रांगेचं तोंड, एवढं मिरोनचं राज्य. अंगात संघाच्या रंगाचं जाकीट, छातीवर नावाची पट्टी आणि उजवा हात आडवा. दोन्ही हातांत बिअरचे ग्लास सांभाळत धापा टाकत आलेला माणूस त्या हातापाशी येऊन थबकतो.

"शिट्टी होऊ द्या," मिरोन म्हणतो.

"अहो, तो काय, तिथंच बसायचंय मला. चौथ्या ओळीत."

"तुम्हाला चौथ्या ओळीत बसायचंय, पण तिसऱ्या ओळीतल्या माणसाला गोल बघायचाय. त्यानं पैसे तुमची पाठ बघायला दिलेले नाहीत."

शिट्टी होते, खेळ थांबतो, हात खाली येतो आणि तुंबलेलं पाणी सुटावं तशी माणसं पायऱ्या उतरतात. मिरोनला हे फार आवडतं. उभी हयात त्यानं शहराची बस चालवली. तेव्हा धावत येणाऱ्या प्रत्येकानं हात हलवून त्याला थांबवलं. आता तो लोकांना थांबवतो. हिशेब बरोबर झाला, असं तो म्हणतो आणि मिशीतल्या मिशीत हसतो.

नवख्या माणसाला तो लांबूनच ओळखतो. नवखा माणूस पायऱ्यांच्या तोंडाशी येतो, खाली एवढंसं दिसणारं ते पांढरंशुभ्र बर्फ बघतो आणि क्षणभर श्वास घ्यायचा विसरतो. मिरोन त्याला तेवढा वेळ देतो. मग सुरू करतो.

"पहिल्यांदाच ना? कोट काढा आधी. पायाशी ठेवू नका, मागच्याची बिअर सांडते आणि ती कोट पितो. पाठीमागे घ्या. इथं चेंडू नसतो, चकती असते, ती दिसली नाही तर घाबरू नका, पहिल्या दिवशी कुणालाच दिसत नाही. खेळाडू कुठं बघतायत ते बघा, चकती सापडेल. संडासला जायचं तर मधली सुट्टी व्हायच्या जरा आधी उठा, पण शिट्टीला. सुट्टीत गेलात तर रांगेतच म्हातारे व्हाल. गाडी कुठं लावलीत? बाहेर? अरेरे. पुढच्या वेळी लांब लावा आणि इमारती जोडणाऱ्या काचेच्या बंद पुलांवरून चालत या, नाकाला थंडी लागायची नाही. आणि शेवटची पाच मिनिटं उरली असताना उठून जाऊ नका. जाणारे जातात. मी त्यांना काही म्हणत नाही."

म्हणत नाही हे खरं. पण अशा माणसाकडे तो ज्या नजरेनं बघतो, ती नजर घेऊन घरी जाण्यापेक्षा गाडीच्या गर्दीत अडकलेलं परवडलं.

एवढं सगळं सांगून झालं की एखादा हौशी विचारतोच, "आणि ते टोप्या फेकायचं काय असतं?"

तेव्हा मिरोनचा आवाज खाली येतो. "एकाच खेळाडूनं तिसरा गोल मारला की टोपी काढायची आणि बर्फावर फेकायची. डोक्यावर जी असेल ती. परत मिळत नाही." मग तो जाकीट उगाचच नीट करतो. "म्हणून इथं चांगली टोपी घालून येऊ नये."

पलीकडच्या पायऱ्यांवर लिगाया उभी असते. फिलिपिन्सहून आलेली, मिरोनच्या खांद्याला लागेल एवढीच, पण तिच्या हातापुढे आडदांड गडीही मुकाट उभे राहतात. तिनं हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं होतं आणि त्यामागची गोष्टही तिला ठाऊक होती. तिच्याखेरीज ती गोष्ट फार कुणाला माहीत नव्हती.

गोष्ट अशी. मिरोनच्या वडिलांची, तातोंची, एक टोपी होती. बीव्हर नावाच्या प्राण्याच्या दाट केसांची, कानांवर झापडं असलेली. तातो रेल्वेच्या यार्डात कामाला होते आणि विनिपेगच्या जानेवारीत यार्डात उभं राहायचं तर डोक्यावर काय आहे यावर माणसाचं बरंच काही अवलंबून असतं. तातो गेले तेव्हा त्यांच्या दोन्ही मुलांनी, मिरोननं आणि धाकट्या ऑरेस्टनं, घरातलं बाकी काहीही सरळ वाटून घेतलं. टोपी मात्र वाटता येईना. मग ठरलं, एक हिवाळा याचा, एक हिवाळा त्याचा. सहा जानेवारीला, आपल्या युक्रेनियन लोकांच्या जुन्या पंचांगातल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, आईच्या टेबलावर बारा पदार्थांचं जेवण व्हायचं आणि जेवण झालं की टोपी एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जायची. कितीतरी वर्षं हे सुरळीत चाललं. दोघा भावांत चार पैशांवरून नाही, बायकांवरून नाही, कशावरूनही कधी वाजलं नाही.

आणि मग एका वर्षी, टोपी मिरोनकडे यायला जेमतेम आठवडा उरला असताना, ऑरेस्ट ती घालून हॉकी बघायला गेला. खालच्या मजल्यावरची, बर्फाला लागून असलेली जागा त्याला कुणी मित्रानं दिली होती. आपल्या संघाच्या एका पोरानं तिसरा गोल मारला. स्टेडियम उठलं, टोप्यांचा पाऊस पडला आणि ऑरेस्टचा हात डोक्याला विचारायच्या आत डोक्यावरून टोपी घेऊन निघून गेला. टोपी बर्फावर पडल्यावरच त्याला कळलं की आपण काय फेकलं. फावडी घेऊन आलेल्या पोरांनी सगळ्या टोप्या लोटत नेल्या, खोक्यांत भरल्या, आणि त्यातून ती पुन्हा काही निघाली नाही. ऑरेस्टनं बर्फ साफ करणाऱ्यांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांचे पाय धरले. टोपी गेली ती गेलीच.

"तू तातोंना बर्फावर फेकलंस," मिरोन म्हणाला होता.

ऑरेस्ट आधीच अर्धमेला झालेला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "तातो असते तर त्यांनीही फेकली असती."

ते वाक्य मिरोनच्या काळजात रुतलं. गेलेल्या बापाच्या नावावर स्वतःचा गाढवपणा खपवतोय, असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून दोघे बोलेनासे झाले. एकाच गावात, नदीच्या दोन बाजूंना. चर्चही एकच, पण मिरोन सकाळच्या प्रार्थनेला जायचा आणि ऑरेस्ट दुपारच्या. वर्षामागून वर्षं गेली. मिरोन निवृत्त झाला आणि या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. लोक म्हणत, वेळ घालवायला उभा राहतो. लिगायाला मात्र माहीत होतं की कुणाचा तिसरा गोल झाला की खेळ संपल्यावर मिरोन गुपचूप तळमजल्यावर जातो आणि टोप्यांच्या खोक्यांत एकदा हात फिरवून येतो. मिळणार नाही हे त्याला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं.

या भांडणात एका बाबतीत मात्र दोघा भावांचं न बोलता एकमत होतं. आईला सांगायचं नाही. आई पारास्का नव्वदीत होती, टोपी म्हणजे तिच्या नवऱ्याची खूण. ती गेली हे कळलं तर म्हातारी खचेल, अशी दोघांची समजूत. आईनं मिरोनला विचारलं की तो सांगे, "ऑरेस्टकडे आहे." ऑरेस्टला विचारलं की तो सांगे, "मिरोनकडे आहे." आणि तुम्ही भांडलात कशावरून, या प्रश्नाला दोघंही भिंतीकडे बघत. आपले बाप्ये असेच. सांगायची गोष्ट पोटात ठेवतील आणि पोट दुखतं म्हणून औषध घेतील.

त्यामुळे व्हायचं काय, की सहा जानेवारीला आईच्या वृद्धाश्रमात संध्याकाळी पाचला मिरोन बायकोला घेऊन यायचा, बारा पदार्थ मांडायचा, रिवाजाप्रमाणे टेबलावर गवत पसरून वर पांढरा कपडा घालायचा, तातोंसाठी एक रिकामी ताटली ठेवायचा, जेवायचा आणि निघायचा. आठ वाजता ऑरेस्ट यायचा. पुन्हा गवत, पुन्हा ताटली, पुन्हा बारा पदार्थ. म्हातारी दोन्ही वेळा मुकाट जेवायची.

यंदा मात्र तिचा धीर सुटला. नव्या वर्षाच्या दिवशी ऑरेस्ट भेटायला गेला तेव्हा तिनं त्याला समोर बसवलं.

"ऑरेस्ट, यंदा मी एकदाच जेवणार."

"म्हणजे, आई?"

"म्हणजे एकदाच. चोवीस पदार्थ या वयात पोटाला झेपत नाहीत. बीटचं सूप दोनदा, बटाटा भरलेल्या पेरोगी दोनदा, मासे दोनदा. तुमचा बाप वरून बघत असेल तर त्यालाही ढेकर येत असतील. जा, भावाला भेट."

"तो दार उघडणार नाही."

"दाराशी जाऊ नकोस. तो जिथं उभा असतो तिथं जा. तिथून त्याला कुठं जाता येत नाही."

आता नव्वदीच्या बाईला हे सुचलं याचं कुणाला नवल वाटत असेल, तर त्यानं आमच्या म्हाताऱ्या बघितलेल्या नाहीत.

रविवारची दुपार होती. बाहेर थंडी अशी की पापण्या चिकटत होत्या. आत स्टेडियम गच्च भरलेलं आणि लोक भलत्या खुशीत, कारण आपल्या संघातल्या वेसा नावाच्या फिनिश पोरानं मधल्या सुट्टीआधीच दोन गोल चढवले होते. शेवटचा भाग नुकताच सुरू झाला होता. मिरोनचा हात आडवा होता आणि त्याच्यापाशी एकच माणूस येऊन थांबला.

मिरोननं आधी टोपी पाहिली. बीव्हरची, दाट केसांची, कानांवर झापडं. मग टोपीखालचा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं की टोपी नवी आहे आणि चेहरा जुना.

"तिकीट," मिरोन म्हणाला.

ऑरेस्टनं दाखवलं. सहावी ओळ, याच पायऱ्या.

"शिट्टी होऊ द्या."

"होऊ दे की. मला कुठं घाई आहे?"

दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. मिरोननं नजर समोर ठेवली. एरवी मिनिटा-दोन मिनिटांत शिट्टी होते. कुणी आडवा येतो, कुणाची काठी लागते, चकती जाळीबाहेर जाते, काहीतरी होतंच. त्या दिवशी काही होईना. चकती या टोकाहून त्या टोकाला जाई, गोलकीपर अडवी, पुन्हा खेळात टाकी. पंचाला जणू आपल्या गळ्यात शिट्टी आहे याची आठवणच राहिली नव्हती.

"आई म्हणते यंदा ती एकदाच जेवणार," ऑरेस्ट शेवटी म्हणाला.

"तिची तब्येत बरी नाही?"

"तब्येत ठणठणीत आहे. आपलाच कंटाळा आलाय तिला."

खाली कुणीतरी कुणालातरी बर्फाभोवतीच्या काचेवर दाबलं, सगळे ओरडले, पण शिट्टी नाही.

"ही टोपी तुझी आहे," ऑरेस्ट म्हणाला. "गिमली गावाकडच्या एका म्हाताऱ्याकडून शिवून घेतली. तातोंच्या फोटोवरून. तुझी पाळी राहिली होती ना."

"ही तातोंची नाही."

"नाही. ते मलाही दिसतंय."

"मग कशाला आणलीस?"

"मग काय करू, मिरोन? तीच परत आणता येत असती तर आणली नसती का? त्या महिन्यात मी रोज इथं येऊन चौकशी करायचो. शेवटी रखवालदारानं मला चहा पाजून घरी पाठवलं. तू बोलायचं बंद केलंस ते मी सोसलं, माझी चूकच होती. पण तू सकाळच्या प्रार्थनेला जातोस म्हणून मला दुपारी जावं लागतं आणि दुपारचा तो पाद्री काय गातो रे. रेडा बरा."

मिरोनला हसू आलं आणि त्याला त्या हसण्याचा रागही आला. त्यानं मान दुसरीकडे फिरवली. पलीकडून लिगाया टक लावून बघत होती. तिच्या पायऱ्यांच्या तोंडाशीही माणसं तुंबली होती, पण तिचं लक्ष इकडेच.

आणि तेवढ्यात वेसाला चकती मिळाली. मिरोननं खेळाकडे बघायचं नसतं, त्यानं माणसांकडे बघायचं असतं. पण वरच्या मजल्यावर अठ्ठावीस ओळी एकदम उठल्या तर माणूस बघतोच. वेसानं एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या पायांमधून चकती काढली आणि गोलकीपरच्या खांद्यावरून ती जाळ्यात घातली.

तिसरा.

मग जो आवाज झाला तो ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. सगळीकडून टोप्या उडाल्या. लोकरीच्या, कापडी, लाल, निळ्या, एका बाईनं तर नवऱ्याच्या डोक्यावरची काढून फेकली. वरच्या मजल्यावरून फेकलेली टोपी बर्फापर्यंत पोचत नाही, ती खालच्या प्रेक्षकांत पडते. मग खालचे उचलून पुढच्या ओळीत फेकतात, ते आणखी पुढे, अशी हातोहात ती बर्फावर जाते. मधल्या मध्ये कुणी ठेवून घेत नाही.

मिरोननं भावाकडे पाहिलं. ऑरेस्ट ओरडत नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर घट्ट दाबून धरली होती, कोपरं वर, डोळे मिटलेले. पोरगा असताना तातोंच्या खांद्यावर बसून गोल झाला की सगळ्यांत आधी किंचाळणारा ऑरेस्ट. घसा बसेपर्यंत नाचणारा. तो आता भर स्टेडियममध्ये स्वतःचे हात धरून उभा होता, कारण मिरोन शेजारी होता.

मिरोनला ते बघवलं नाही. आपण इतकी वर्षं टोपीसाठी रडलो आणि याचं हे करून ठेवलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"हात काढ," तो म्हणाला.

"काय?"

"हात काढ म्हणतो ना."

ऑरेस्टनं हात काढले. मिरोननं ती टोपी त्याच्या डोक्यावरून उचलली, अंगातला सगळा जोर लावला आणि फेकली. कामावरच्या माणसानं काहीही फेकायचं नाही असा कडक नियम आहे. तो नियम नव्या लोकांना मिरोनच शिकवतो. टोपी खालच्या एका आजोबांच्या मांडीत पडली, त्यांनी ती न बघताच पुढे भिरकावली, पुढच्यांनी आणखी पुढे, आणि दोघं भाऊ तिच्यावर डोळे लावून उभे राहिले. शेवटी ती बर्फावर पडली, बाकीच्यांत मिसळली आणि दिसेनाशी झाली.

"शिट्टी झालीय," मिरोन म्हणाला. "आता खाली जाऊ शकतोस."

"इथंच उभा राहिलो तर?"

"नियमात बसत नाही."

"बरं."

ऑरेस्ट जागचा हलला नाही आणि मिरोननं त्याला हलवलं नाही. लिगाया सावकाश चालत आली. "मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली. "पण मिरोन, तुझा हात अजून चांगला आहे." त्या दिवशी खेळ संपल्यावर मिरोन तळमजल्यावर खोकी बघायला गेला नाही. भावाला बसपर्यंत सोडायला गेला, कारण ऑरेस्टच्या डोक्यावर काही नव्हतं. मिरोननं त्याला स्वतःचा मफलर कानांभोवती बांधून दिला.

सहा जानेवारीला वृद्धाश्रमात एकच टेबल मांडलं गेलं. गवत एकदाच पसरलं. तातोंची ताटली मधोमध. बायकांनी स्वयंपाकही वाटून केला होता, त्यामुळे पेरोगी मिरोनच्या घरच्या आणि कोबीची गुंडाळी ऑरेस्टच्या घरची. मध-खसखस घातलेले गहू आईनं चमच्यानं पहिल्यांदा तोंडात घातले, दोन्ही मुलांकडे बघितलं आणि समाधानानं चावत राहिली. बाराही पदार्थ तिनं खाल्ले. मग हात पुसून म्हणाली,

"चला. आता टोपी काढा. यंदा कुणाची पाळी?"

ऑरेस्ट मीठ सरकवायला लागला. मिरोननं घसा साफ केला. इतकी वर्षं गोष्ट लपवली, पण आता दोघं एकाच टेबलाशी बसलेले, कुणाकडे आहे म्हणून सांगणार?

"आई, टोपी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी गेली."

"गेली म्हणजे?"

"हॉकीला घालून गेलो होतो," ऑरेस्ट खालच्या मानेनं म्हणाला. "तिसरा गोल झाला. मी फेकली."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. "आणि तेवढ्यावरून तुम्ही बोलत नव्हता?"

ऑरेस्टनं सरकवलेलं मीठ परत जागेवर ठेवलं.

"तुम्हाला आठवतं," ती म्हणाली, "जुन्या स्टेडियमवर जायचो तेव्हा मी तातोंची टोपी मागून घ्यायची आणि तिच्यावर बसायची?"

"खुर्च्या गार असायच्या म्हणून," मिरोन म्हणाला.

"खुर्च्या कसल्या गार? ढीगभर परकर असायचे माझ्या अंगात. कुणाचे दोन गोल झाले की मी टोपी मागायची. तोपर्यंत असू दे डोक्यावर. लग्नात माझ्या बापानं दिलेली टोपी त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात बर्फावर फेकली होती. माझ्या डोळ्यांदेखत. ही दुसरी टिकली ती फक्त मी वर बसले म्हणून."

तिनं तातोंच्या रिकाम्या ताटलीकडे बघितलं, ती जराशी सरळ केली.

"मला विचारलं असतंत तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं," ती म्हणाली. "मिरोन, आण ती पेरोगी इकडे. अजून एक खाईन."